आल्फ्रेड नोबेल : द्रव की घन?

विद्यार्थी मित्रांनो, पदार्थाच्या तीन अवस्था हा धडा आपण सगळेच शिकलो आहोत. घन पदार्थाला स्वतःचा आकार असतो, द्रव ज्या भांड्यात ओतावा त्याचा आकार घेतो आणि वायू मिळेल तेवढी जागा व्यापतो. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न येतो, उत्तर लिहून आपण पुढे जातो. पण एकच रसायन द्रवरूपात द्यावे की घनरूपात, या प्रश्नावर एका माणसाच्या आयुष्याला कलाटणी मिळाली आणि असंख्य मजुरांचा जीव त्यावर अवलंबून राहिला, हे त्या धड्यात येत नाही. म्हणून या अंकात आम्ही आल्फ्रेड नोबेल यांची ओळख करून देत आहोत.

नोबेल हे नाव दरवर्षी ऑक्टोबरात आपल्या कानावर पडते. त्या महिन्यात पारितोषिके जाहीर होतात आणि मग रवींद्रनाथ टागोर (१९१३) आणि सर चंद्रशेखर व्यंकट रामन (१९३०) यांची आठवण निघते. पारितोषिकाचे पैसे कोठून आले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. ते सुरुंगातून आले. डिचोली तालुक्यात खाणी आणि पेडण्यात रेल्वेचा बोगदा पाहत वाढलेल्या आपल्या मुलांना डोंगर पोखरणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. त्यामुळे ही कथा आपल्याला परकी वाटू नये.

आल्फ्रेड यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे झाला. वडील इमॅन्युएल हे बांधकाम करणारे, नवनवीन यंत्रे शोधणारे गृहस्थ होते. पण आल्फ्रेड जन्मले त्याच वर्षी त्यांचे दिवाळे वाजले. पुढे नशीब काढायला ते रशियात गेले. आई आंद्रिएट यांनी मागे राहून मुलांना वाढवले. आल्फ्रेड लहानपणापासून अशक्त व आजारी असत. १८४२ मध्ये सारे कुटुंब सेंट पीटर्सबर्गला एकत्र आले. तेथे वडिलांचा कारखाना नावारूपाला आला होता. मुलांना घरीच शिक्षक ठेवले गेले आणि सतराव्या वर्षापर्यंत आल्फ्रेड यांना स्वीडिश, रशियन, फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन अशा पाच भाषा येऊ लागल्या. त्यांना साहित्याचा आणि कवितेचा विलक्षण ओढा होता. वडिलांना मात्र मुलगा इंजिनिअर व्हायला हवा होता. म्हणून त्यांनी त्याला परदेशी शिकायला धाडले.

पॅरिसमध्ये प्रा. पेलूझ यांच्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड यांनी रसायनशास्त्राचे धडे घेतले. याच पेलूझ यांचे एक जुने विद्यार्थी आस्कानियो सोब्रेरो यांनी १८४७ मध्ये इटलीतील तुरिन येथे नायट्रोग्लिसरीन नावाचा द्रव तयार केला होता. साबण करताना तेलातून जो गोडसर, चिकट द्रव वेगळा होतो त्याला ग्लिसरीन म्हणतात. खोबरेलाच्या साबणातही ते निघते. त्या निरुपद्रवी ग्लिसरीनची तीव्र आम्लांशी क्रिया झाली की हे भयंकर तेल तयार होते. सोब्रेरो स्वतःच त्याला इतके घाबरले की हा पदार्थ उपयोगात आणण्याजोगा नाही असे त्यांचे मत झाले. पीटर्सबर्गला प्रा. झिनिन यांनीही नोबेल पितापुत्रांना त्याचा थेंब ऐरणीवर ठेवून, हातोड्याने ठोकून दाखवला होता. हातोडा जेथे पडला तेवढाच थेंब फुटला.

या तेलाचे एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी आपल्या घाटांकडे पाहावे. मुंबईहून पुण्याला जाणारी रेल्वे बोरघाटातून नेण्याचे काम १८५६ ते १८६३ या काळात झाले. त्या वेळी कातळ फोडायला होती ती फक्त काळी दारू, म्हणजे बंदुकीची दारू. ती कठीण कातळापुढे दुबळी पडे. पहार आणि छिन्नी यांनी भोके पाडायची, दारू ठासायची, बत्ती द्यायची आणि थोडासाच दगड सुटायचा. त्या घाटात रोगराईने आणि अपघातांनी हजारो मजूर दगावले. जगभर रेल्वे, बोगदे, कालवे यांची कामे निघाली होती आणि सर्वांना काळ्या दारूहून जोरकस काहीतरी हवे होते.

१८६३ मध्ये आल्फ्रेड स्टॉकहोमला परतले. वडील पुन्हा एकदा दिवाळखोर होऊन आधीच तेथे आले होते. नायट्रोग्लिसरीनची एक अडचण अशी होती की बत्ती लावल्याने ते भरवशाने फुटत नसे, आणि नको तेव्हा मात्र धक्क्याने फुटे. आल्फ्रेड यांनी यावर उपाय काढला. आधी एक छोटा स्फोट घडवायचा आणि त्याच्या धक्क्याने मोठा स्फोट करायचा. यासाठी त्यांनी बनवलेल्या टोपीला डिटोनेटर म्हणतात. पुष्कळ अभ्यासक हाच त्यांचा सर्वांत मोठा शोध मानतात.

पण ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधील हेलेनेबोर्ग येथील त्यांच्या कामाच्या जागी मोठा स्फोट झाला. त्यात आल्फ्रेड यांचा धाकटा भाऊ एमिल आणि त्याच्यासोबत आणखी काही माणसे ठार झाली. एमिल अवघा वीस वर्षांचा होता. त्यानंतर थोड्याच काळात वडिलांना पक्षाघात झाला आणि ते अंथरुणाला खिळले. शहराच्या हद्दीत हे काम करण्यास सरकारने मनाई केली.

अशा वेळी कोणीही हा नाद सोडला असता. आल्फ्रेड यांनी सोडला नाही. त्यांनी मेलारेन सरोवरात वस्तीपासून दूर एक पडाव नांगरून त्यावर काम चालू ठेवले. वर्ष संपण्याआधी कंपनीही उभी केली आणि १८६५ मध्ये ते जर्मनीत हँबुर्गला गेले. तेथून जवळच एल्बे नदीच्या काठी क्र्युमेल येथे त्यांनी कारखाना घातला. ही जिद्द होती यात शंका नाही. पण आम्हाला असेही वाटते की एमिलच्या मृत्यूनंतरही पुढची दोन वर्षे ते तेच द्रवरूप तेल विकत राहिले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळू नये. थोरांच्या चुका झाकून ठेवल्या तर त्यांच्याकडून शिकायचे अर्धेच राहते.

कारण तेल बाजारात गेले आणि एकामागून एक दुर्घटना सुरू झाल्या. ते पत्र्याच्या डब्यांत भरून, लाकडी पेट्यांत भुसा घालून पाठवले जाई. डबे गळत. ज्यांच्या हाती पेटी पडे, त्यांना आत काय आहे याची कल्पना नसे. १८६५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात अशी एक पेटी कोणी पाहुणा ठेवून गेला होता. नोकर तिच्यावर पाय टेकवून बुटांना पॉलिश करत. एके दिवशी तिच्यातून धूर येऊ लागला, म्हणून ती रस्त्यावर नेऊन ठेवली आणि तिचा स्फोट झाला. एप्रिल १८६६ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर युरोपियन नावाच्या जहाजावर हे तेल फुटून अनेक माणसे मेली. त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका वाहतूक कंपनीच्या कचेरीत गळकी पेटी आली. काय गळते आहे ते पाहावे म्हणून ती छिन्नी-हातोड्याने उघडायला घेतली. त्यात पंधरा माणसे गेली. १८६६ मध्येच क्र्युमेलचा कारखानाही उडाला.

येथे थोडे विज्ञान पाहू. द्रव रूप इतके दगाबाज का? एक तर तो वाहतो. डब्याच्या सांध्यातून झिरपतो, लाकडात मुरतो, दगडाच्या भेगेत जाऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच भेगेत पहार घालणाऱ्या मजुराचा जीव घेतो. दुसरे, द्रवात हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात. धक्का बसला की बुडबुडा एका क्षणात दाबला जातो आणि दाबलेली हवा अतिशय तापते. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते, तसेच. तेवढी उष्णता स्फोटाला पुरते. तिसरे म्हणजे नायट्रोग्लिसरीन साधारण १३ अंश सेल्सिअसला गोठते. युरोपच्या थंडीत ते डब्यातच गोठे आणि ते वितळवण्याच्या खटपटीत पुष्कळ अपघात होत.

आता निवड करण्याची वेळ आली. समोर तीन वाटा होत्या. पहिली वाट म्हणजे तेल कोठे न्यायचेच नाही, जेथे लागेल तेथेच तयार करायचे. अमेरिकेत सेंट्रल पॅसिफिक रेल्वेने डोंगरातील बोगद्यांसाठी १८६७ मध्ये हेच केले. जेम्स हाउडन नावाचे रसायनतज्ज्ञ कामाच्या जागीच रोज लागेल तेवढे तेल बनवत. पण प्रत्येक खाणीवर असा जाणकार माणूस कोठून आणायचा? दुसरी वाट म्हणजे तेलात लाकडापासून मिळणारा स्पिरिट मिसळून ते निर्धोक करायचे आणि वापरण्यापूर्वी पाणी घालून पुन्हा वेगळे करायचे. ही युक्ती स्वतः नोबेल यांनीच काढली होती. पण स्पिरिट उडून जाई आणि मागे पुन्हा तेच तेल उरे. शिवाय वेगळे करण्याचे काम अखेर खाणीतल्या मजुराच्याच गळ्यात पडे.

तिसरी वाट होती द्रवाला घनात मुरवण्याची. नोबेल यांनी कोळशाची पूड, लाकडाचा भुसा, विटांची पूड, सिमेंट असे कितीतरी पदार्थ वापरून पाहिले. शेवटी त्यांना किझेलगुर ही माती सापडली. क्र्युमेलच्या परिसरात ती मिळत असे. ही पांढुरकी, हलकी माती म्हणजे पाण्यात राहणाऱ्या डायाटम नावाच्या अतिसूक्ष्म शेवाळांचे सांगाडे. सांगाड्यांना असंख्य बारीक छिद्रे असतात, त्यामुळे ही माती स्पंजासारखी द्रव शोषून घेते. तीन भाग तेल आणि एक भाग माती असे मिश्रण केले की मळलेल्या कणकेसारखा गोळा होतो. तो वाहत नाही आणि लहानसहान धक्के स्वतःमध्येच जिरवतो. मात्र डिटोनेटर लावला की हमखास फुटतो. या गोळ्याच्या कागदात गुंडाळलेल्या कांड्या करता येत. सुरुंगाच्या भोकात कांडी सरकवायची, एवढेच काम मजुराला उरले. ग्रीक भाषेतील शक्ती या अर्थाच्या शब्दावरून नोबेल यांनी त्याला डायनामाइट असे नाव दिले. १८६७ मध्ये ब्रिटन आणि स्वीडनमध्ये त्याचे पेटंट मिळाले. डबा गळून तेल मातीवर सांडले आणि शोध लागला, अशी गोष्ट पुष्कळ पुस्तकांत आढळते. नोबेल यांनी ती स्वतः नाकारली होती. हा शोध अनेक प्रयोग करून लागला होता.

या सौद्यात नोबेल यांना काहीतरी सोडावे लागले, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. कांडीचा चौथा हिस्सा माती होता. माती फुटत नाही, उलट उष्णता खाते. म्हणजे डायनामाइट हे निव्वळ तेलापेक्षा दुबळे होते. कंत्राटदाराच्या हिशेबाने पाहिले तर हा तोटाच. मातीचे पैसे का द्यायचे, असे कोणालाही वाटावे. त्यावर नोबेल यांनी लोकांसमोर प्रयोग करून उत्तर दिले. जुलै १८६७ मध्ये इंग्लंडमधील मर्स्टॅम येथील दगडाच्या खाणीत त्यांनी डायनामाइटची एक पेटी विस्तवावर ठेवली आणि दुसरी ६० फूट उंचावरून खाली टाकली. दोन्ही फुटल्या नाहीत. मग डिटोनेटर लावून त्याच पदार्थाने कातळ फोडून दाखवला. लोकांची खात्री पटत गेली. १८६७ मध्ये ११ टन डायनामाइट विकले गेले होते, ते १८७४ मध्ये ३,१२० टनांवर गेले. तिकडे ब्रिटनने १८६९ मध्ये कायदा करून द्रव नायट्रोग्लिसरीनवर कडक बंधने घातली.

तरीही नोबेल स्वस्थ बसले नाहीत. डायनामाइटमध्ये एक उणीव होती. ओल्या जागी पाणी मातीत शिरे आणि तेलाला बाहेर ढकले. कांडी घामाघूम झाल्यासारखी ओली होई आणि पुन्हा तोच द्रवाचा धोका उभा राही. आठ वर्षांच्या कामानंतर १८७५ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी उपाय शोधला. प्रक्रिया केलेला कापूस तेलात विरघळवला की घट्ट जेलीसारखा पदार्थ होतो. या जिलेटिनमध्ये माती नव्हती. जेलीत घातलेला कापूस स्वतःही फुटणारा होता, म्हणून ताकद पुन्हा पूर्ण मिळाली. त्यावर पाण्याचाही परिणाम होत नसे. द्रव की घन, या प्रश्नाला त्यांनी शेवटी दिलेले उत्तर दोहोंच्या मधले होते. आजही आपल्याकडे खाणीवरची माणसे सुरुंगाच्या कांड्यांना जिलेटिनच्या कांड्या म्हणतात, ते नाव तेथून आले.

या शोधांनी मोठमोठी कामे उभी राहिली. स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतातील सुमारे १५ किलोमीटर लांबीचा सेंट गोटहार्ड रेल्वे बोगदा १८७२ ते १८८२ या काळात डायनामाइटच्या बळावर झाला. मात्र स्फोटक सुरक्षित झाले म्हणून मजुराचे आयुष्य सुरक्षित झाले असे नाही. त्या बोगद्यात सुमारे २०० माणसे मेली. सहज हाताळता येणारी वस्तू वाईट हातांतही सहज जाते, हेही दिसले. १८८० मध्ये रशियाच्या झारला मारण्यासाठी त्याच्या राजवाड्यात डायनामाइटचा स्फोट घडवला गेला. पुढे नोबेल यांनी १८८७ मध्ये बिनधुराची बंदुकीची दारू शोधली, तीही सैन्यांनीच उचलली. आयुष्याच्या अखेरीस, १८९४ मध्ये, त्यांनी स्वीडनमधील बोफोर्स हा कारखाना विकत घेतला. याच नावाच्या तोफा १९९९ च्या कारगिल युद्धात आपल्या सैन्याने वापरल्या.

एवढा उद्योग पसरला, ३५५ पेटंटे नावावर झाली, पण माणूस एकटाच राहिला. त्यांनी लग्न केले नाही. सतत प्रवास, प्रयोग आणि पत्रव्यवहार यांत त्यांचे दिवस गेले. १८७६ मध्ये बर्था नावाच्या बाई थोडे दिवस त्यांच्या सचिव होत्या. पुढे बर्था फॉन सटनर या नावाने त्या शांततेच्या चळवळीतील मोठ्या लेखिका झाल्या. त्यांचा आणि नोबेल यांचा पत्रव्यवहार अखेरपर्यंत चालू राहिला.

उतारवयात नोबेल यांना हृदयविकार जडला. डॉक्टरांनी त्यांना औषध म्हणून नायट्रोग्लिसरीनच सुचवले! स्फोटकांच्या कारखान्यांतील कामगारांचे डोके दुखते, म्हणजे हा पदार्थ रक्तवाहिन्यांवर काहीतरी परिणाम करतो, हे वैद्यांच्या लक्षात आले होते आणि १८७९ पासून छातीतील कळांवर ते अल्प प्रमाणात देण्यात येऊ लागले होते. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवण्याची नायट्रोग्लिसरीनची गोळी आजही दिली जाते. हे औषध शरीरात नेमके काय करते, याचा उलगडा ज्या संशोधनामुळे झाला त्याला १९९८ मध्ये नोबेल पारितोषिकच मिळाले.

२७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी शेवटच्या मृत्युपत्रावर सही केली. बहुतेक सारी संपत्ती, म्हणजे तीन कोटींहून अधिक क्रोनर, एका निधीत ठेवावी आणि त्याच्या व्याजातून पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, वैद्यक, साहित्य आणि शांतता या पाच क्षेत्रांत मानवजातीचे हित करणाऱ्यांना दरवर्षी पारितोषिके द्यावीत, त्यात देशाचा भेद करू नये, असे त्यांनी लिहून ठेवले. १० डिसेंबर १८९६ रोजी इटलीतील सान रेमो येथे त्यांचे निधन झाले. १९०१ पासून पारितोषिके सुरू झाली आणि १९०५ चे शांततेचे पारितोषिक बर्था फॉन सटनर यांना मिळाले.

नोबेल यांचा प्रश्न त्यांच्याबरोबर संपला नाही. भारतात नायट्रोग्लिसरीनवर आधारलेली स्फोटके २००४ मध्ये बंद झाली. त्यांच्या जागी पाणी आणि तेल यांच्या मिश्रणातून बनवलेली इमल्शन स्फोटके आली. मोठ्या खाणींवर आता टाकीच्या गाडीतून सामग्री येते, ती पंपाने भोकात सोडतात आणि तेथे गेल्यावरच ती स्फोटक बनते. म्हणजे कामाच्या जागीच तयार करण्याची हाउडन यांची वाट नव्या रूपात परत आली. आपल्या देशात या सर्वांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे.

शिवाय प्रत्येक जमिनीला एकच उपाय चालत नाही. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा कठीण कातळ सुरुंगांनी फोडून काढला. आपला पेडण्याचा बोगदा त्याच्या पाव लांबीचाही नाही, पण तेथे चिकण, पाणी धरणारी माती लागली. ती फोडायची नव्हती, ढासळण्यापासून सावरायची होती. तेथे डायनामाइटचा काय उपयोग? त्या एका बोगद्याने साऱ्या मार्गाला थांबवून धरले होते. तो झाला तेव्हाच २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण रेल्वे सुरू झाली.

नोबेल यांच्या चरित्रातून काय घ्यावे? आम्हाला वाटते, त्यांनी उशिरा का होईना, पण योग्य प्रश्न विचारला. पदार्थ किती जोरकस आहे एवढेच न पाहता तो शेवटी कोणाच्या हाती जाणार, हे त्यांनी पाहिले. प्रयोगशाळेतील तज्ज्ञाला सांभाळता येणारी वस्तू पेटी उचलणाऱ्या हमालाला सांभाळता येईलच असे नाही. त्या हमालासाठी त्यांनी चौथा हिस्सा ताकद सोडून दिली.

हा प्रश्न आपल्या घरातही विचारता येतो. संडास धुण्याचे अॅसिड, फिनेल, रॉकेल, शेतात फवारायचे औषध अशा वस्तू शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. न्यूयॉर्कच्या त्या हॉटेलातील पेटीसारखीच ती बाटली. भरणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक असते, तहानलेल्या लहान मुलाला नसते. पालकांना आमची विनंती आहे की हा अंक वाचून खाली ठेवण्यापूर्वी न्हाणीघरातील आणि परसातील बाटल्या एकदा पाहाव्यात. जे मूळ डब्यात नाही ते मूळ डब्यात घालावे, त्यावर नाव राहू द्यावे आणि तो डबा मुलांच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचावर ठेवावा. विद्यार्थी मित्रांनो, या कामात तुम्ही घरच्यांना मदत करा.